सगळे ठिपके हिरवे होते

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी दोन शब्दांत उरकते. "सॉफ्टवेअर तपासते." आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टर्समधल्या बायका त्यावर "अच्छा, कॉम्प्युटर" म्हणतात आणि विषय भाजीकडे वळतो. मलाही तेच बरं वाटतं. सकाळी पावणेआठला मेट्रो धरायची, शेवटच्या स्टेशनला नोएडात उतरायचं, तिथून शेअर ऑटो, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या दिशेने. शेहेचाळिसाव्या वर्षी घरी आल्यावर आपल्या कामाबद्दल बोलायला अंगात त्राण राहत नाही. पण एका नोव्हेंबरात जे झालं ते एकदा नीट सांगून टाकावं, असं बरेच दिवस मनात आहे.

आमची कंपनी लहान आहे. आम्ही पुस्तकाएवढी एक पेटी बनवतो. ती हॉस्पिटलच्या फ्रीजशेजारी भिंतीवर बसवतात. आत सेन्सर सोडलेला असतो, बाहेर पेटीवर तापमानाचा आकडा दिसतो, आणि फ्रीज गरम होऊ लागला की पेटी ओरडते. लसी, औषधं, रक्ताच्या पिशव्या, असा माल त्या फ्रीजमध्ये असतो. पेटीच्या आतला प्रोग्राम लुआ नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. छोटी, हलकी भाषा. अशा छोट्या यंत्रात सहज मावते. पण तिची एक खोड आहे. तुम्ही एखाद्या नावाचं स्पेलिंग चुकवलंत तर ती बोंब मारत नाही. ते नाव म्हणजे काहीच नाही असं समजते आणि गुपचूप पुढे जाते.

तो प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते गृहस्थ माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचे. मी त्यांना सर म्हणायची. एकट्याने सगळं लिहिलं होतं त्यांनी, आणि सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मग त्यांच्या आईला पक्षाघात झाला आणि ते नोकरी सोडून केरळात आपल्या गावी गेले. ते गेल्यावर चार-पाच महिन्यांनी आमच्या मॅनेजरना एका मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुमच्या प्रोग्रामच्या टेस्ट कुठे आहेत? टेस्ट नव्हत्याच. ते काम माझ्याकडे आलं.

टेस्ट म्हणजे काय ते सांगते. प्रोग्रामचा एक छोटा तुकडा घ्यायचा. त्याला आपण ठरवलेली माहिती द्यायची आणि तो आपल्याला हवं तेच उत्तर देतो का, हे बघायचं. बघायचं म्हणजे आपण नाही बघायचं. ते बघणारा आणखी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवायचा. खरा फ्रीज लागत नाही. मी एक खोटा सेन्सर लिहिला होता. मी सांगेन ते तापमान तो सांगायचा. एक खोटं घड्याळही होतं, ते मी म्हणेन तितकं पुढे पळायचं. सगळ्या टेस्ट एकदम चालवल्या की काळ्या स्क्रीनवर एकेक ठिपका उमटत जातो. हिरवा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक.

ते वर्ष मी याच कामात काढलं. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, काही समजावून न सांगता निघून गेलेल्या माणसाचं डोकं वाचत बसायचं. एकदा एक टेस्ट एकटी चालवली की हिरवी, आणि बाकीच्यांबरोबर चालवली की लाल. तीन दिवस मी तिच्यामागे होते. शेवटी कळलं की भलत्याच फाइलमध्ये एका ओळीत `local`, म्हणजे हा आकडा इथल्यापुरताच, हा शब्द लिहायचा राहिला होता. त्यामुळे एका टेस्टमधला आकडा सांडून दुसरीत जात होता. एका शब्दासाठी तीन दिवस. मॅनेजरना सांगितलं तर ते म्हणाले, "चलो, मिल गया ना." आणि फोनवर बोलायला लागले.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यामागेही कोणीतरी लागलेलंच होतं. गिऱ्हाइकाला प्रोग्रामची एकूण एक ओळ टेस्टखाली आलेली हवी होती, आणि रोज संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "आज कितना हुआ?"

अशाच एका संध्याकाळी मी त्या ओळींपाशी पोचले. सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर काय करायचं, एवढाच तो तुकडा. सरांनी लिहिलं होतं की उत्तर आलं नाही तर मागचा आकडाच धरून चालायचं. वर एका शब्दाचीही टीप नव्हती. मला खटकलं. सेन्सर गप्प झाला तर पेटीने तसं सांगायला नको का? मी उठून मॅनेजरना विचारलं.

ते म्हणाले, "इतने साल से चल रहा है ना? कोड जो कर रहा है वही टेस्ट में लिख दो. सोचने का टाइम नहीं है, यार."

मी जागेवर येऊन बसले. सव्वासहाची मेट्रो चुकली तर पुढची खचाखच असते. मुलीची दहावी, घरी कणीकही मळलेली नाही, हे सगळं डोक्यात. मी टेस्ट लिहिली. टेस्टला नाव द्यावं लागतं, मी इंग्रजीत दिलं, त्याचा अर्थ, "सेन्सरने उत्तर दिलं नाही तर शेवटचा आकडा राखतो." चालवली. हिरवा ठिपका उमटला. पर्स उचलली आणि निघाले.

जे घडतंय तेच बरोबर आहे, असं मी त्या दिवशी लिहून दिलं. पण ते मला कळलं पुढच्या वर्षी.

नोव्हेंबर होता. धुरक्यामुळे मुलीची शाळा ऑनलाइन झालेली, यांना खोकला, माझे डोळे चुरचुरत होते. सकाळी दहाला मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. फरीदाबादच्या एका छोट्या हॉस्पिटलातल्या ब्लड बँकेत रक्ताचा फ्रीज बंद पडला होता आणि आमची पेटी ओरडली नव्हती. "आप चलो मेरे साथ," ते म्हणाले. "टेक्निकल कुछ पूछेंगे तो मैं क्या बोलूँगा?"

गाडी कालिंदी कुंजवरून फरीदाबादकडे निघाली. मी मनातल्या मनात सगळ्या टेस्ट आठवत होते. तापमान वाढलं तर ओरडते का, हिरवी. हळूहळू वाढलं तर, हिरवी. वीज जाऊन आली तर, हिरवी. मला खात्री होती की चूक आमची नाही.

ब्लड बँक तळमजल्यावर होती. तिथले टेक्निशियन साधारण माझ्याच वयाचे, गळ्यात मफलर, बोलणं हरियाणवी वळणाचं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. फ्रीज जुना होता, त्याचा स्वतःचा अलार्म केव्हाच मेला होता, म्हणून तर आमची पेटी घेतली होती. आदल्या दिवशी दुपारी फ्रीज सरकवून मागची फरशी पुसली, तेव्हा सेन्सरची वायर ओढली जाऊन सुटली असावी. नंतर केव्हातरी फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला.

"सुबह मैंने एक बैग निकाला," ते म्हणाले. "हाथ में लेते ही पता चल गया. ठंडा ही नहीं था. और मॅडम, आपकी मशीन तो चार पॉइंट एक ही बता रही थी."

पेटी अजून भिंतीवरच होती. फ्रीजचं दार सताड उघडं, कप्पे रिकामे, वायर खाली लोंबत होती, आणि आकडा होता ४.१. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. सेन्सरने उत्तर दिलं नाही तर शेवटचा आकडा राखतो. नाव मीच दिलं होतं.

पिशव्या कोपऱ्यात पिवळ्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या, फेकायला. टेक्निशियन त्यांचे नंबर एकेक करून रजिस्टरमध्ये उतरवत होते. तेवढ्यात दारात एक माणूस आला. तिशीतला, अंगावर कुठल्यातरी कारखान्याचा निळा शर्ट. त्याच्या बहिणीचं ऑपरेशन त्या दिवशी व्हायचं होतं आणि ते पुढे ढकलल्याचं त्याला वरच्या मजल्यावर कळलं होतं. त्याने दोन दिवसांपूर्वी रक्त दिलं होतं.

त्याने विचारलं, "मेरा वाला भी?"

टेक्निशियननी रजिस्टर चाळलं. तुझं रक्त तसंही दुसऱ्याला दिलं गेलं असतं, बहिणीला त्याच्या बदल्यात दुसरं मिळालं असतं, असलं काही ते सांगू शकले असते. ते म्हणाले, "हाँ भाई. तुम्हारा वाला भी."

तो माणूस शर्टाची बाही वर करू लागला. "तो मैं फिर से दे दूँ?"

"अभी नहीं दे सकते. तीन महीने."

तो गेला. आम्ही कोण, हे त्याने विचारलं नाही. माझे मॅनेजर खाली बघत होते. मी बॅगेतून नोंदवही काढली आणि वायर कुठे सुटली ते लिहू लागले. काहीतरी लिहीत राहिलं नसतं तर मला तिथे उभं राहता आलं नसतं.

परतताना मॅनेजर म्हणाले, "पुराना कोड है. जिसने लिखा वो छोड़ गया. रिपोर्ट में यही डालेंगे."

घरी गेले, खिचडी टाकली. यांनी विचारलं, "काय झालं? चेहरा उतरलाय." मी म्हटलं, "काही नाही, धूर." मुलीने ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, "आई, उद्या पण ऑनलाइनच आहे, तू मला उठवू नकोस हं." मी हो म्हटलं. खिचडीत मीठ घालायचं विसरले होते. सगळ्यांनी वरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी केरळात सरांना फोन लावला. त्यांनी हिंदी-इंग्रजीत आधी माझ्या घरचं सगळं विचारलं. आईंबद्दल विचारलं तर म्हणाले, आता ती ओळखते, पण बोलत नाही. मग मी त्या ओळींबद्दल विचारलं.

"ते मी एका प्रदर्शनासाठी टाकलं होतं," ते म्हणाले. "टेबलावरची वायर ढिली होती. लोकांसमोर आकडा सारखा गायब व्हायचा. एका आठवड्यापुरतं टाकलं होतं. काढायचं राहिलं." मग त्यांनी विचारलं, "कोणाला काही झालं?"

"नाही सर. एक ऑपरेशन पुढे गेलं."

"त्यावर टेस्ट नव्हती का?"

"होती. मी लिहिली होती. तुमचा कोड जे करत होता तेच लिहिलं."

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला फोन करून विचारायचंस." आणि ते खरं होतं. त्यांचा नंबर माझ्याकडे पहिल्यापासून होता. त्या संध्याकाळी पाच मिनिटं लागली असती.

दुपारी मीटिंग झाली. रिपोर्टचा मसुदा मॅनेजरनी वाचून दाखवला. त्यात जुना कोड, सोडून गेलेला कर्मचारी, असं सगळं होतं. मी म्हणाले, "त्यात आणखी एक लिहा. त्या ओळींवर टेस्ट होती आणि ती चुकीची होती. टेस्ट मी लिहिली."

ते वैतागले. "मॅडम, आपने तो सिर्फ टेस्ट लिखा है. गलती कोड में है."

"टेस्ट होती म्हणून पुढे कोणी त्या ओळींकडे बघितलंच नाही," मी हिंदीत म्हणाले. "मीसुद्धा नाही. नसती तर कदाचित कोणीतरी बघितलं असतं."

"और आपको बोला किसने था वैसा लिखने को?" त्यांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच गप्प झाले. खोलीत आम्ही चौघं होतो. मग त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि दोन ओळी वाढवल्या. पहिली माझ्याबद्दल होती. दुसरीत लिहिलं होतं की ही टेस्ट अशीच लिहावी असं त्यांनी सांगितलं होतं. मी ते मागितलं नव्हतं. पुढचे काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला वाटतं, ते माझ्यावर रागावले नव्हते. थकले होते. मीही थकले होते.

दुरुस्ती चार ओळींची. सेन्सर गप्प झाला की आकडा पुसायचा, आडव्या रेघा दाखवायच्या आणि ओरडायचं. मी आधी टेस्ट बदलली, ती लाल झालेली बघितली, मग कोड बदलला. सगळ्या पेट्यांमध्ये नवा प्रोग्राम गेला. मला वाटलं, सुटले.

तीन आठवड्यांनी मी तीच ब्लड बँक बघायला गेले. नवा फ्रीज आला होता. आमच्या पेटीवर आकडा बरोबर होता, पण तिच्या स्पीकरच्या भोकांत कापूस कोंबलेला होता.

मी टेक्निशियनकडे बघितलं. ते ओशाळले. "मॅडम, बिल्कुल जीने नहीं देती थी. दरवाज़ा ज़ोर से बंद करो तो चिल्लाए. वायर ज़रा हिले तो चिल्लाए. ऊपर वॉर्ड तक आवाज़ जाती है. मरीज़ डर जाते हैं."

मी स्टुलावर बसले. हसू येत होतं आणि रडूही. एक वर्ष मी त्या पेटीबद्दल टेस्ट लिहिल्या होत्या आणि जो माणूस रोज तिच्यासमोर उभा राहतो त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. मी नोंदवही काढली.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं, "वायर सुटली तर तिने काय करावं?"

त्यांनी मफलर सारखा केला आणि एखाद्या पाहुण्याला घरचा पत्ता सांगावा तसं सांगू लागले. एखाद्या मिनिटासाठी सुटली तर आकडा पुसा, पण ओरडू नका. दहा मिनिटं झाली तर ओरडा. मी एकदा बटण दाबून गप्प केलं तर अर्धा तास गप्प राहा, पण मग पुन्हा ओरडा, कारण मी विसरलेलो असू शकतो. आणि रेघा लाल दाखवा, चष्मा नसला तरी दिसल्या पाहिजेत. मी सगळं उतरवून घेतलं. कापूस त्यांनी स्वतःच काढला.

ऑफिसात येऊन त्या चार वाक्यांच्या चार टेस्ट लिहिल्या. त्यानंतर मी जुन्या टेस्ट पहिल्यापासून वाचायला घेतल्या. प्रत्येकीपाशी थांबून एकच विचारायचं, हे असं असावं हे कोणी सांगितलं? बहुतेकींचं उत्तर, कोणीच नाही. मग शोधा, फोन करा, कोण्या नर्सला, कोण्या औषधवाल्याला. एका दिवसात कधी तीन होतात, कधी एकही नाही. अजून संपलेलं नाही. एकदा मुलगी मागून स्क्रीनवर डोकावली आणि म्हणाली, "सगळं तर ग्रीन आहे, मग तू काय करतेस?" मी म्हटलं, "हिरवं का आहे ते बघते." तिला ते फारसं पटलं नाही. मलाही रोज पटतंच असं नाही.

जानेवारीत मी आणखी एकदा फरीदाबादला गेले. पेटीचं काही काम नव्हतं. सुट्टी टाकून गेले होते. टेक्निशियननी सांगितलं की त्या बहिणीचं ऑपरेशन आठवड्याभराने झालं आणि ती घरी गेली. मी म्हटलं, "मला रक्त द्यायचंय."

त्यांनी फॉर्म पुढे केला, वजन केलं, रक्तदाब बघितला, बोटाला सुई टोचली. मशीनमध्ये हिमोग्लोबिनचा आकडा आला तशी नकारार्थी मान हलवली.

"नहीं होगा, मॅडम. साढ़े बारह चाहिए. आपका ग्यारह है."

"दुबारा देखिए ना," मी म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा बघितलं. अकराच.

"खाती-पीती नहीं हो क्या ढंग से?" त्यांनी मोठ्या भावासारखं दरडावलं. "डॉक्टर को दिखाओ. तीन महीने आयरन लो, फिर आना." मग रक्तदात्यांसाठी ठेवलेल्या टोपलीतून ज्यूसचा एक डबा काढून माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं, आपण तर काही दिलंच नाही. ते म्हणाले, "पी लो. चेहरा देखो अपना."

मी तिथेच बाकावर बसून तो प्यायले. आंब्याचा होता, फार गोड. बाजूला एक कॉलेजातली मुलगी बाही दुमडून आपला नंबर येण्याची वाट बघत होती. तिने विचारलं, "आंटी, दर्द होता है?" मी म्हटलं, "सुईचं एवढं नाही होत." मग मेट्रो धरून घरी आले.